कर्नाळ्याचे रान आणि त्याचे धनी

पनवेल सोडून मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला दहा-बारा किलोमीटरांवर एक खिंड लागते. खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे कारखाने, गोदामे, ढाबे आणि बिनशेती झालेल्या जमिनींवरील विक्रीच्या पाट्या असा सारा आधुनिक पसारा मांडलेला असला, तरी खिंडीपुरते मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाट रान उभे असते, आणि त्या रानाच्या माथ्यावर, मुठीतून अंगठा वर काढावा तसा, काळ्या कातळाचा एक सुळका आकाशात शिरलेला दिसतो. कोकणात जाणाऱ्या बहुतेकांची कर्नाळ्याशी ओळख एवढ्यावरच संपते. गाडी खिंड उतरते, पेणच्या गणपतींच्या गोष्टी निघतात आणि सुळका मागे पडतो.

हे रान आकाराने लहान आहे. १९६८ साली महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य म्हणून ते जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर होते. पुढे हद्द वाढवून ते १२.११ चौरस किलोमीटर करण्यात आले. विदर्भातील ताडोबा-मेळघाटांचे विस्तार ज्यांच्या डोळ्यांपुढे आहेत त्यांना हा आकडा क्षुल्लक वाटेल. तरीही या चिमूटभर जागेत दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. निजामशाही, पोर्तुगीज, मोगल आणि मराठे यांनी ज्याच्यासाठी झुंजावे असा एक किल्ला येथे आहे. आणि पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर, इंग्रजी अंमलाविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या एका पुरुषाचे जन्मगाव आहे. एवढ्याशा रानात इतके सारे टिकून कसे राहिले, याचा विचार करू लागले की एक गोष्ट ध्यानात येते: कर्नाळ्याचे रान कधीही बेवारस नव्हते. त्याचे धनी बदलत गेले, पण धनीपणाचा दावा कधी थांबला नाही, आणि आज आपण ज्याला निसर्ग म्हणून पाहावयास जातो ते पुष्कळ अंशी या परस्परविरोधी दाव्यांचेच फलित आहे.

पहिला दावा कातळाचा. सह्याद्रीची सारी घडण ज्या लाव्हारसाच्या थरांतून झाली ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांतील मऊ भाग पावसाने धुऊन नेला आणि कठीण भाग उभा राहिला. कर्नाळ्याचा सुळका हा अशाच कठीण बसाल्टचा अवशेष असून त्याची उंची शंभर फुटांहून अधिक आहे. त्याच्या पायाशी कातळ पोखरून एका ओळीत टाकी खोदलेली आहेत. कोकणात पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडत असला, तरी तो चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने डोंगरावर पाण्याचा थेंब मिळणे दुरापास्त होते. तेव्हा शिबंदीला वर्षभर गडावर राहावयाचे असेल तर पाणी कातळातच साठवावे लागे. ती टाकी आजही आहेत. मात्र सुळक्याच्या कपारींतून आग्यामोहोळे लोंबत असतात, आणि त्यांच्या खाली उभे राहून आरडाओरडा करणाऱ्यांस किंवा धूर करणाऱ्यांस माश्यांनी अद्दल घडविल्याचे प्रसंग येथे घडलेले आहेत. गडावर कोणाचा अंमल चालतो, हे पाहुण्याने आधीच समजून घेतलेले बरे.

किल्ला नेमका कोणी बांधला याची चर्चा करण्यात अर्थ नाही. त्याचे महत्त्व का होते हे मात्र माथ्यावर उभे राहिले की न सांगता कळते. एका बाजूस प्रबळगड, दुसऱ्या बाजूस माणिकगड, दक्षिणेकडे सांकशीचा डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस मुंबई बंदराचे पाणी. बोरघाट उतरून देशावरचा माल पनवेल आणि आपटा येथील खाड्यांकडे येई व तेथून गलबतांवर चढे. त्या साऱ्या वाटेवर या गडाची नजर होती. म्हणजे कर्नाळा जवळ असणाऱ्याच्या हाती जकातीची किल्ली असे. सोळाव्या शतकाच्या मध्यास गुजरातचा सुलतान आणि अहमदनगरचा निजामशहा यांच्यात कर्नाळा व सांकशी या दोन किल्ल्यांवरून तंटा पेटला, तेव्हा गुजरातच्या किल्लेदारांनी वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे धाव घेतली. पोर्तुगीजांनी किल्ले राखले, आणि मग सोयीचा हिशेब पाहून वार्षिक खंडणीच्या बोलीवर ते निजामशहाच्याच स्वाधीन केले. मैत्री आणि महसूल यांत निवड करावयाची वेळ आली तर त्या काळचे मुत्सद्दी फार वेळ घुटमळत नसत.

पुढे शिवाजी महाराजांच्या अमलात आलेला हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक होता. १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला, आणि त्या वेढ्याची एक हकीकत जुन्या गॅझेटियरात नमूद आहे ती मोठी बोलकी आहे: मराठ्यांची माणसे माती आणि फळ्या यांचे आडोसे उभारीत, ते पुढे सरकवीत सरकवीत गडाला भिडली. ज्या चढणीवर आज करवंदीच्या जाळ्या आणि सागाची पाने पायांत येतात, त्याच चढणीवर मावळ्यांनी फळ्या वाहिल्या असतील, हे मनाशी आणून ती वाट चढली म्हणजे दम लागण्याला थोडी प्रतिष्ठा येते. महाराजांनंतर पुन्हा मोगल, त्यांच्या अमलाची आठवण म्हणून दरवाजापाशी हिजरी ११४६ चा एक फारसी लेख, १७४० च्या सुमारास पेशवाई, आणि शेवटी जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेपुढे गडाची शरणागती, असा पुढचा क्रम आहे.

या सर्व काळात गडाच्या घेऱ्यातील रानाला काय किंमत होती? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांविषयी आणि झाडांविषयी जे प्रकरण आहे ते वाचले, तर मराठी राज्याची दृष्टी स्वच्छ दिसते. आरमारास लागणारे साग-शिसव परवानगीने तोडावे, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, गडाची झाडी जतन करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. त्यामागे आजच्या अर्थाचे निसर्गप्रेम शोधू नये. दाट रान हीच गडाची पहिली तटबंदी होती, आणि आंब्याचे झाड लावून वाढविणाऱ्या कुणब्याला दुखविणे राज्याला परवडणारे नव्हते. पण हेतू युद्धाचा असो की महसुलाचा, झाड राखले जात होते, आणि कोणाचे झाड कोणी तोडावे याला काही मर्यादा मानली जात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढचा सारा झगडा याच मर्यादेवरून झाला.

इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा किल्ल्याची गरज सरली आणि लाकडाची गरज वाढली. जहाजे, घरे, इंधन, आणि १८५३ नंतर रेल्वेचे स्लीपर, यांच्यासाठी ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतील रानांवर कुऱ्हाड चालू लागली. आणि रान संपत आल्याचे ध्यानात आल्यावर सरकारने १८७८ च्या जंगल कायद्याने त्याचे मोठे भाग राखीव ठरवून रयतेला मज्जाव केला. येथील भातशेतीची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना या मज्जावाची झळ कळणार नाही. कोकणातला शेतकरी पावसाआधी खाचराच्या एका कोपऱ्यात राब भाजतो: ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण आणि वर मातीचा पातळ थर असे एकावर एक रचून ते पेटवितो, त्या भाजलेल्या जमिनीवर दाढ पेरतो, आणि रोप हातभर झाले की उपटून चिखलात लावतो. राबाला रानातला पाला लागतो. तो आणायचा तर राखीव रानाची हद्द ओलांडावी लागते. आणि हद्द ओलांडली तर दंड भरावा लागतो. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून अर्ज आणि फिर्यादी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगलाच्या तक्रारींसाठी एक कमिशन नेमावे लागले. शेतकऱ्याची ही कथा. खैराचा कात पाडून, कोळसा पाडून, मध आणि कंद गोळा करून जगणाऱ्या कातकऱ्यांची आणि डोंगरउतारावरच्या ठाकरांची अवस्था तर याहून बिकट, कारण त्यांच्या वहिवाटीचा कागद कोणत्याही दप्तरात नव्हता.

कर्नाळ्याच्या भोवतालची दोन गावे या गोष्टीची साक्ष देतात, आणि अभयारण्य पाहावयास जाणाऱ्याने त्यांना चुकवू नये. पहिले शिरढोण, पनवेलहून येताना खिंडीच्या अलीकडे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आजोबांच्या हातून गेलेला गड रोज डोळ्यांसमोर ठेवून वाढलेला हा नातू पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करीत राहिला, आणि १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८७९ मध्ये, रामोशी आणि कोळी यांची फौज उभारून त्याच सरकारवर उठला. बंड मोडले, त्यांना एडनला नेण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. शिरढोणचा वाडा आज स्मारक आहे.

दुसरे गाव चिरनेर, उरण तालुक्यात, कर्नाळ्याच्या पश्चिमेच्या डोंगरांपलीकडे. गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला त्याच वर्षी, समुद्रापासून दूरच्या मुलखांत जंगलाचा कायदा मोडण्याची लाट उसळली, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या रानात कोळी, आगरी, कातकरी, ठाकर असे भोवतालच्या गावांतील लोक झाडे तोडण्यासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला; आठ सत्याग्रही हुतात्मे झाले, आणि त्याच धुमश्चक्रीत मामलेदार जोशी यांचाही प्राण गेला. ज्या रानाला आज आपण अभय देतो त्याच्या शेजारच्या रानात, झाड तोडण्याचा हक्क मागताना माणसे मेली आहेत. ही विसंगती अवघड आहे, परंतु तिला बगल देऊन या भागातील वनरक्षणाविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. चिरनेरच्या लोकांचा राग झाडावर नव्हता. ज्या झाडाच्या सावलीत पिढ्या गेल्या त्याचा धनी एके दिवशी अचानक दूर कचेरीत बसलेला साहेब व्हावा, यावर होता.

आता रानाच्या आजच्या रहिवाशांकडे वळू. कर्नाळ्याचे अरण्य आर्द्र पानझडी जातीचे: वरच्या थरात साग, ऐन, किंजळ, सावर, कळंब, आंबा, ओढ्याच्या कडेने उंबर आणि जांभूळ, खाली करवंदीच्या जाळ्या आणि वेलींचे गुंते, पावसाळ्यात कातळाच्या कपारींवर रानकेळी. अशा थरांच्या रानात प्रत्येक मजल्यावर निराळी वस्ती असते. उंबर पिकला की शेंड्याशी हरियाल येतात, आणि हिरव्या-पिवळ्या पानांत ते असे मिसळून जातात की फळे खाली पडू लागल्यावरच त्यांचा पत्ता लागतो. मधल्या मजल्यावर भृंगराज: काळाभोर, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके. याची दुसऱ्या पक्ष्यांच्या थव्याबरोबर फिरण्याची रीत पाहण्यासारखी आहे; सातभाई, सुतार, माशीमार यांनी पाने चाळवली की उडालेले किडे हा वरच्यावर टिपतो, आणि शिक्रा दिसला की सर्वांत आधी ओरडतोही हाच. इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढण्यात त्याचा हातखंडा आहे, त्यामुळे केवळ आवाजावरून यादी करणाऱ्या नवशिक्याची तो खुशाल फसवणूक करतो. खालच्या मजल्यावर, ओलसर सावलीत, श्यामा आणि दयाळ. आणि पाऊस सुरू झाला की ओढ्यालगत शीळकरी कस्तुराची ती वेडीवाकडी, एखाद्या पोराने निरुद्योगीपणे घातल्यासारखी शीळ.

पण कर्नाळ्याचा खरा मानकरी पाऊस घेऊन येतो. तिबोटी खंड्या हा पक्षी चिमणीएवढा. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळे-नारिंगी, चोच लालभडक. जूनमध्ये पहिल्या सरी कोसळल्या की तो येथे विणीसाठी दाखल होतो. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत नर-मादी आळीपाळीने चोचीने माती उकरतात आणि पायांनी ती मागे ढकलतात. बिळाचा बोगदा पुरता लांब होईपर्यंत पुष्कळ दिवस जातात, आणि अनेकदा मुळी किंवा दगड आडवा आल्यामुळे अर्धे काम सोडून नव्या जागी आरंभ करावा लागतो. बिळाच्या शेवटी अंधारात अंडी घातली जातात. पिल्ले बाहेर आली की आईबापांच्या चोचीतून सापसुरळी, पाल, लहान खेकडा, कोळी असा खुराक येऊ लागतो. पिल्लाच्या घशात मावणार नाही असे वाटावे एवढी सापसुरळी फांदीवर आपटून आपटून मऊ केलेली असते. सगळ्या संसाराला लागते ती एक दरड, एक ओढा आणि वर दाट सावली. यांतील एक गोष्ट गेली तरी पक्षी त्या जागेकडे फिरकत नाही. म्हणून ओढ्यात उतरून, दरडीसमोर तंबू ठोकल्यासारखे बसून छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी ही त्याच्या विणीला कुऱ्हाडीइतकीच घातक ठरते.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे असतात. तेव्हा पानगळ सुरू झालेली असल्याने नजर दूरवर पोहोचते, आणि नवख्यासाठी ऑक्टोबर ते मार्च हाच काळ सोयीचा. सस्तन प्राण्यांपैकी वानर हमखास दिसतात. भेकर ऐकू येते, क्वचित दिसते. रानडुकरे रात्री जमीन उकरून गेल्याच्या खुणा सोडतात. राज्य फुलपाखरू म्हणून मान्यता मिळालेला नीलवंत पावसाळ्याच्या अखेरीस ओढ्याच्या ओल्या मातीवर बसलेला आढळतो. रानातून फिरण्यास हरियाल आणि मोरटाका या नावांच्या पायवाटा आखलेल्या आहेत; गडाकडे जाणारी वाट निराळी असून सुरुवातीस सौम्य आणि शेवटी खडी आहे. प्रवेशद्वारापाशी वनखात्याचे कर्मचारी पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी अनामत ठेवून घेतात. त्यावर कुरकुर करणारा गृहस्थ नेहमी एखादा तरी भेटतोच.

या रानाचे भय त्याच्या लहानपणात आहे. मोठ्या अरण्याला कडा असतात आणि गाभा असतो. लहान रानाला पाहता पाहता नुसत्या कडाच उरतात. महामार्ग या अभयारण्याच्या अंगातून जातो. तो रुंद होतो तेव्हा झाडे जातात हे तर उघडच, परंतु रात्रभर चालणारा वाहनांचा गोंगाट, दिव्यांचे झोत आणि वाट ओलांडताना चिरडले जाणारे जीव यांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही. पनवेलला २०१६ पासून महानगरपालिका आहे, उलव्याला विमानतळ आहे, आणि दोहोंच्या मधल्या जमिनीचा प्रत्येक गुंठा विकाऊ आहे. अशा वेळी अभयारण्याची हद्द कागदावर कायम राहूनही आतले रान वाळू शकते, कारण पक्षी आणि भेकर सातबारा पाहून वावरत नाहीत. त्यांना शेजारच्या टेकड्यांची, गावच्या गायरानांची, ओढ्याकाठच्या झाडांची साथ लागते. ती साथ गावकऱ्यांच्या हातात आहे, आणि येथेच चिरनेरची आठवण कामी येते. ज्यांना रानापासून काही मिळत नाही, उलट जाण्यायेण्याची मनाईच मिळते, ते रानाचे राखणदार कशाला होतील? वाटाड्याचे काम, जेवणघर, पायवाटांची निगा, रोपवाटिका अशा मार्गांनी भोवतालच्या वाड्यांचा चरितार्थ या रानाशी जितका जोडला जाईल, तितकी वनखात्याच्या काठीची गरज कमी पडेल.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचा जो प्रसिद्ध अभ्यास केला तो १९३० साली याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे, घराजवळच्या झाडांवर लोंबणाऱ्या घरट्यांकडे नित्य पाहत राहून. त्यासाठी त्यांना दूरच्या अरण्यात जावे लागले नाही. म्हणजे ज्या वर्षी चिरनेरला रानाच्या हक्कासाठी रक्त सांडले, त्याच वर्षी किहीमला एक मनुष्य पाखरांकडे निमूट पाहत होता. एकाला रानाची मालकी हवी होती, दुसऱ्याला रानाचे ज्ञान. आणि कर्नाळ्यासारख्या लहान रानाचे भवितव्य या दोन मागण्यांची तडजोड कशी होते यावरच अवलंबून आहे. म्हणून तेथे जाणाऱ्याने सकाळ पाखरांसाठी ठेवावी, उन्हे चढण्याआधी गड पाहून उतरावे, आणि परतताना शिरढोणचा वाडा व जमल्यास चिरनेरचे हुतात्मा स्मारक पाहावे. नुसते पक्षी पाहून परतणारा रानाची शोभा पाहतो. किल्ला आणि ही दोन गावे पाहून परतणाऱ्याला हे कळते की रान राखायचे असेल तर त्याच्या जुन्या धन्यांपैकी एकालाही हिशेबातून वगळून चालणार नाही.